लहान मुलांना गड नको, पाणंद हवी

दर पावसाळ्यात आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा उगवतो. कुठल्या तरी धबधब्यावर माणसं वाहून जातात, जंगलातल्या धबधब्यांकडे जायला मनाई होते, आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, लहान मुलांना रानात न्यायचंच कशाला? सरसकट बंदी घाला. दुसरा गडाच्या माथ्यावर झेंडा धरून उभ्या केलेल्या चार वर्षांच्या पोराचा फोटो पुढे करतो आणि म्हणतो, मुलं अशीच धीट होतात. दोघेही तावातावाने बोलतात, पण दोघांच्याही डोक्यात रान म्हणजे धबधबा, कडा आणि गड एवढंच असतं. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव, खानापूर, चंदगडच्या प्रत्येक गावाभोवती शिवार पसरलेलं आहे. त्यातली पाणंद म्हणजे शेतांमधली सामाईक वाट, तळ्याचा बांध, माळावरची गाडीवाट या वादात कुणाच्या तोंडी येत नाही.

सात वर्षांखालच्या मुलाला घेऊन चालणं हा ट्रेकिंगचा बालवर्ग नव्हे आणि पर्यटन तर मुळीच नव्हे. ते एक वेगळंच काम आहे. त्याचे नियम वेगळे, धोके वेगळे, वेग वेगळा. आणि त्याची जागा गावाला लागून असलेलं शिवार ही आहे. असं मानलं की वादाचं तोंडच फिरतं. मग मुलांना रानात न्यावं की नाही, ही चर्चा मागे पडते आणि न्यायला वाट उरली आहे का, ती कुणी अडवली, कुणी उकरली, तिच्या कडेची विहीर कुणी उघडी ठेवली, असे प्रश्न समोर येतात. बंदीच्या फलकाने यातला एकही सुटत नाही, आणि गडावरच्या फोटोनेही नाही.

आधी बंदीवाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलंही होती. पाण्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला वर डोंगरात पडलेला पाऊस दिसत नाही. पाणी गुडघ्याच्या वर चढलं आणि त्याला ओढ असली की मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही, मग कडेवरच्या पोराची काय कथा! आपल्या जवळचं उदाहरण चंदगड तालुक्यातल्या किटवाडचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावातून तिथे गेलेल्या चार तरुणी धबधब्यात बुडाल्या. महिना बघा. नोव्हेंबर. पाऊस कधीच सरलेला, आकाश निरभ्र. म्हणजे 'पावसाळ्यात बंदी' हा उपायसुद्धा अर्धाच. मरण ऋतूत नव्हतं, शेवाळलेल्या दगडात आणि खालच्या डोहात होतं. तेव्हा धबधबा, डोह, नदीचा घाट, धरणाचा सांडवा या जागा लहान मुलांसाठी बाराही महिने वर्ज्य, यावर बंदीवाल्यांशी भांडायचं कारणच नाही. चूक पुढे होते. पाण्याने माणसं मारली म्हणून चालणंच धोक्याचं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण मुलांना शाळेत पाठवायचं थांबवतो का?

मात्र शिवार बिनधोक आहे, असं कुणी म्हणत असेल तर त्यालाही शिवार माहीत नाही. तिथला पहिला धोका साप नव्हे. पहिला धोका जमिनीच्या पातळीला असलेली, कठडा नसलेली विहीर. काठावर गवत माजलं की दहा फुटांवरूनही ती दिसत नाही. दुसरा धोका त्याहून नवा आणि त्याहून फसवा: प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं. निळंशार पाणी बघून मूल धावत जातं, आणि उतारावरचा कागद ओला असला की त्यावर पाय किंवा हात टिकत नाही. पोहता येणाऱ्या माणसालाही दोरीशिवाय वर येता येत नाही. तिसरी उघडी कूपनलिका. अथणी तालुक्यात २०१७ साली सहा वर्षांची मुलगी अशाच खड्ड्यात पडून गेली. ती काही सहलीला आलेली नव्हती, राहत्या जागेजवळच खेळत होती. चौथा धोका डुक्कर आणि गवे यांच्यासाठी लावलेलं तारेचं कुंपण. झटका यंत्राची तार दणका देऊन सोडते, पण काही ठिकाणी चोरून थेट विजेच्या लाइनीवरून प्रवाह सोडलेला असतो आणि तो सोडत नाही. बाहेरून दोन्ही तारा सारख्याच दिसतात. म्हणून नियम एकच: रानातल्या कुठल्याही तारेला हात नाही, तारेखालून वाकून जाणं नाही, चेंडू पलीकडे गेला तर गेला. आता या चारांकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की चारही माणसाने केलेले आहेत आणि चारही बुजवता, झाकता किंवा बांधता येतात. गावातली पोरं तिथे रोजच वावरतात. शहरातलं कुटुंब महिन्यातून एकदा येणं बंद झाल्याने त्या पोरांची विहीर बुजत नाही.

जंगलाची गोष्ट वेगळी. खानापूरच्या पश्चिमेला दाट रान आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. त्या पट्ट्यात अस्वल आहे, गवा आहे, मधूनमधून हत्ती फिरतो. अस्वल अचानक समोरासमोर आलं की अंगावर येतं, आणि लहान मूल किंचाळतं ते नेमकं नको त्या वेळी. शिवाय माकडताप आहेच. क्यासनूरच्या जंगलात, शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली ओळखला गेलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात आला. दोन्ही तालुके आपल्या सीमेला लागून आहेत. तो पसरवणाऱ्या गोचिडीची बारीक पिल्लं साधारण डिसेंबर ते मे या काळात पालापाचोळ्यात असतात, म्हणजे हवा सगळ्यात सुखाची असते तेव्हाच. मूल तर पाचोळ्यातच बसतं, लोळतं, पानं गोळा करतं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम दाखवायला मुलांना जरूर न्या, तिथे देवळाचं आवार आहे, पायऱ्या आहेत. पण देवळामागच्या झाडीत 'जरा आत जाऊन येऊ' हे सात वर्षांखालच्या मुलाबरोबर करायचं नाही. बंदीवाल्यांचा हा मुद्दा मी सोळा आणे मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की झाडीच्या अलीकडे, उघड्यावर, जिथून गावातल्या देवळाचं शिखर दिसतं तिथे चाला.

दुसऱ्या तटाशी माझं भांडण जास्त आहे, कारण तो आपलं प्रेम मुलांवर लादतो. राजहंसगड घ्या. येळ्ळूरच्या या किल्ल्याच्या दारापर्यंत गाडी जाते, आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, वरून बेळगावचं सगळं पठार दिसतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तिथे मजा येते यात शंका नाही. पण तटावर कठडा सगळीकडे नाही, वारा मोठा असतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला तिथे अडीच तास एकच वाक्य ऐकू येतं: 'तिकडे जाऊ नको'. हे कसलं फिरणं? महिपाळगड किंवा पारगडला नेऊन इतिहास शिकवतो, असं म्हणणाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलाला परवा आणि पन्नास वर्षांपूर्वी यांतला फरक कळतो का, ते आधी विचारून बघावं. त्याला तोफेपेक्षा तोफेवरचा सरडा मोठा वाटतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. गड दहाव्या वर्षीही तिथेच असणार आहे.

चालण्याने मूल धीट होतं, हे मात्र त्यांचं बरोबर. पण धिटाई उंचीवरून येत नाही, मुलाने स्वतः ठरवून केलेल्या छोट्या गोष्टींतून येते. हात न धरता बांध ओलांडणं, चिखलातून स्वतःचा बूट स्वतः काढणं, म्हशीला वाट देऊन कडेला उभं राहणं. खांद्यावर बसून माथा गाठलेल्या मुलाने यातलं काय केलं? आणि विसाव्याचं म्हणाल, तर चालण्याची शिस्त शिकायला आपल्याला परदेशी पुस्तकं नकोत. माउलींच्या पालखीचे अश्व आपल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघून पायी आळंदीला जातात. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात त्या सोहळ्याची जी घडी बसवली, तिच्यात मुक्कामाइतकाच विसावाही ठरलेला आहे. कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, कुठे टेकायचं हे आधीच नेमलेलं. लाखो माणसं, त्यात म्हातारी आणि लेकुरवाळी, इतकं अंतर चालतात ती जोरावर नाही, विसाव्यावर.

मुलांच्या बाबतीत हीच घडी लहान करायची. वयाइतके किलोमीटर हा हिशेब बरेच जण सांगतात. तो सहा-सात वर्षांच्या, चालायची सवय असलेल्या मुलाला सपाटीवर लागू पडतो. तीन वर्षांच्या मुलाला तीन किलोमीटर म्हणजे परतीचा निम्मा रस्ता तुमच्या कडेवर. दोन वर्षांचं मूल अर्धा किलोमीटर, चार वर्षांचं दोन ते अडीच, सहाचं चार ते पाच, तेही जाऊन-येऊन, एवढं धरून निघावं. मोठी माणसं तासाला पाच किलोमीटर चालतात, चार वर्षांच्या मुलाचा वेग थांबे धरून तासाला दीड पडतो. घोळ नेहमी एकाच जागी होतो. मूल हळूहळू दमत नाही. ते हुंदडत असतं, हुंदडत असतं, आणि अचानक मटकन खाली बसतं. त्या क्षणी घर दोन किलोमीटरवर असेल तर पुढचा तास रडारडीचा. म्हणून ठरवलेल्या वेळेचा तिसरा हिस्सा संपला की मागे फिरायचं, मूल कितीही उड्या मारत असलं तरी. दीड तास काढला असेल तर अर्ध्या तासाला पाठ फिरवा. उरलेला वेळ परतीच्या वाटेवर वायाच जाणार असतो, म्हणजे मुंग्यांच्या वारुळापाशी, आणि तो तसा जावा.

वेळ ऋतूप्रमाणे बदलते. मार्गशीर्ष-पौषात बेळगावला धुकं आणि दव जबरदस्त. सातला निघालात तर पंधरा मिनिटांत पायमोजे ओले होतात आणि ओल्या मोज्यात टाच सोलवटते, तेव्हा साडेआठला निघून अकराच्या आत परत. फाल्गुनापासून सहा-साडेसहाला निघावं, साडेआठला सावली गाठावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो. ढग काळे व्हायला लागले की माळावरून आणि एकट्या झाडाखालून निघायचं, विजेची वाट बघायची नाही. पावसाळ्यात फक्त खडीचा किंवा डांबरी आडरस्ता. बांध तेव्हा लोण्यासारखे असतात, जांभ्यावर शेवाळ चढलेलं असतं, आणि वर कुठे ढग फुटला की ओढ्याला पाणी खाली कोरड्यातसुद्धा येतं. कणकुंबी-जांबोटी आणि बेळगाव शहर यांच्या पावसात इतका फरक आहे की इथलं ऊन बघून तिथला ओढा समजत नाही.

सुगीनंतर ऊसतोड सुरू होते, आणि मग पाणंदीतला खरा धोका म्हणजे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. चालकाला मागची ट्रॉली दिसत नाही आणि वळणावर ती आतल्या बाजूला ओढली जाते. ट्रॅक्टरचा आवाज आला की सगळ्यांनी एकाच बाजूला, आणि वळण असेल तर बाहेरच्या बाजूला, बांधावर चढून उभं राहायचं. 'एकाच' हा शब्द महत्त्वाचा. आई एका बाजूला आणि बाप दुसऱ्या बाजूला उभा राहिला की मूल नेमकं मधूनच पळतं. डांबरीवर आलात तर उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं, मूल रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला. पाणंदीत मूल चार पावलं पुढे चालू द्यावं, मागे राहिलेलं मूल कधी थांबलं ते कळत नाही. विहीर, तळं, रस्ता आला की हात धरायचा. ही तीन ठिकाणं सोडून सतत हात धरू नये, नाही तर हात धरण्याचा अर्थच त्याला कळत नाही.

पिशवीत थोडंच लागतं. थंडीत दोन तासांना मुलामागे अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात एक लिटर, वर क्षारसंजीवनीची (ओआरएस) एक पुडी. टॉवेल, बदलायची चड्डी आणि मोजे, शिट्टी, बँडेज, गोचीड काढायला बारीक चिमटा. खायला केळी, दशमी, उकडलेली रताळी. आपल्या पश्चिम भागात रताळी घरचीच असतात. भडंग मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला चालता चालता देऊ नका. त्यातला अख्खा शेंगदाणा पळताना श्वासनलिकेत जातो, आणि शिवारात तो काढणारा डॉक्टर नसतो. शेंगदाणा कुटून लाडू करा, बसवून भरवा. पाणंदीच्या कुपाणात डिसेंबर-जानेवारीत खाजकुयलीच्या शेंगा वाळून तयार असतात, मखमलीसारख्या दिसतात म्हणून मूल हात लावतंच. लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, मग भरपूर पाण्याने धुवायचं, कपडे बदलायचे. घाणेरीची हिरवी फळं, एरंडाच्या बिया, धोत्रा तोंडात जाऊ द्यायचा नाही, रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. एवढी चार-पाच झाडं आई-बापाला ओळखू आली की पुष्कळ झालं. साप चावलाच, तर कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिक यांपैकी काही नाही. चावलेला भाग फळी किंवा काठी लावून स्थिर ठेवायचा, मुलाला चालवायचं नाही, उचलून थेट प्रतिविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात. निघण्यापूर्वी असा जवळचा दवाखाना कोणता हे विचारून ठेवलेलं असावं.

'हे सगळं शहरातल्या सुखवस्तूंचं खूळ आहे,' असा एक टोमणा आहे, आणि तो सगळ्यात टोकदार आहे. खेड्यातली पोरं तर रोज चालतात, त्यांना कोण वाखाणतं? टोमणा अर्धा खरा. पण खेड्यातली पोरंही आता फार चालत नाहीत. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात येते, आणि संध्याकाळी मोबाइल असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १८० मिनिटांची हालचाल सांगितली, त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी. आपल्या शेजारच्या घरात हे होतं का, बघा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त उघड्यावर काढायला लावून तीन वर्षं पाहिलं. नेहमीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागायची वेळ आली, तर बाहेर खेळलेल्यांत ३०.४ टक्क्यांना. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ऐपतीचा नाही, उजेडाचा आहे. आणि खुळाचंच म्हणाल, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर कुरणशाळा काढली ती कुणासाठी? गुरं राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात गेली, आणि ओढा, दगड, बिया, पक्षी हेच तिचं साहित्य झालं. रानातलं शिक्षण मराठीत पहिल्यांदा श्रीमंतांच्या मुलांना दिलं गेलेलं नाही.

खर्चाचंही तसंच. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे बायकांना सरकारी बसचं तिकीट पडत नाही. आई आणि चार वर्षांचं पोर जवळच्या कुठल्याही गावाच्या थांब्यावर उतरून दीड तास चालून परत येऊ शकतात. दोन वर्षांच्या मुलाला तर बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोचं झाडांचं आवारसुद्धा भरपूर आहे. तिथली झाडं शाबूत राहायला हवीत, हा वेगळाच लढा.

खरी हरकत शेतकऱ्याची आहे, आणि तिला उत्तर देणं सोपं नाही. लोक येतात, भाताच्या रोपातून जातात, ओल्या हरभऱ्याचे डहाळे उपटतात, पिशव्या टाकून जातात, आणि विहिरीत पोर पडलं तर पोलीस माझ्या दारात. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. सुट्टीच्या दिवशी वाटाण्याच्या शेतात गाडी घालून फोटो काढणाऱ्यांनी बाकीच्यांचंही तोंड बंद केलं आहे. पण याचा उपाय वाट बंद करणं नाही, वाट ठळक करणं आहे. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या माळावर कामगार पोरांनी जमीनदारांच्या रानात घुसून चालायचा हक्क मागितला, काहींना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने मग प्रत्येक परगण्याला पायवाटांचे पक्के नकाशे करायला लावले. आज तिथे वाट पिकातून गेली तरी शेतकऱ्याने ती मोकळी ठेवायची आणि चालणाऱ्याने ती सोडायची नाही, असा रोखठोक व्यवहार आहे. आपल्याकडची शेती त्यांच्या शिकारीच्या माळासारखी नाही, आपला शेतकरी लॉर्ड नाही, हे कबूल. म्हणून तर मी शेतातून जायचा हक्क मागतच नाही. मागतो ती पाणंद, जी मुळातच कुणा एकाची नाही. तिच्यावर चालतानाही कुणी दिसलं तर थांबून विचारावं. गाव कन्नड असेल तर 'इल्लिंद होगबहुदा री?' (इथून जाता येईल का?) एवढं म्हटलं की बहुतेक वेळा वाट तर मिळतेच, वर विहीर कुठे आहे तेही कळतं.

आणि या पाणंदींचंच काय होतंय, याकडे कुणाचं लक्ष आहे? गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, म्हणजे सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे जुने नकाशे एकाच मुंबई इलाख्याच्या मोजणीतले. राज्यं दोन झाली, रेघा त्याच राहिल्या. जमिनीवर मात्र दोन्हीकडे सारखंच घडलं. दर नांगरटीला बांध वीतभर पाणंदीत सरकतो, दहा-पंधरा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते, मग कुणीतरी तार ओढतो. महाराष्ट्रात मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पाचव्या कलमाखाली तहसीलदार असा अडथळा काढून देऊ शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे आणि निर्वेध वापरलेल्या वाटेवर वहिवाट लागते. बेळगावजवळच्या शेतजमिनीतून काढलेल्या हलगा-मच्छे बायपासवरून इतकं रान पेटलं, सुपीक जमिनीची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. त्या शिवारातल्या वाटा तुटून पलीकडे कशा जोडल्या जाणार, हे मात्र कितीसं बोललं गेलं?

पाणंदींवर पैसा आलाही आहे. पलीकडे महाराष्ट्रात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना, इकडे कर्नाटकात 'नम्म होल नम्म दारी' (आपलं शेत, आपली वाट). दोन्हींचा डोळा ट्रॅक्टरवर. रुंदी काढायची म्हणून दोन्ही बाजूंचं कुपाण जेसीबीने उपटतात, बाभळी-करंज-जांभळाची सावली जाते, मुरूम आणि खडी पडते आणि मार्चमध्ये तिथे मोठ्या माणसालाही चालवत नाही. ट्रॅक्टर जायला हवा, ऊस बाहेर यायला हवा, त्यावर वाद नाही. पण एकाच बाजूने रुंदी घेऊन दुसऱ्या बाजूचं कुपाण राखलं, वाटेपासून वीस फुटांच्या आतल्या विहिरींना कंबरभर कठडा बांधणं त्याच अंदाजपत्रकात घातलं, बंद कूपनलिकांना झाकण ठोकलं, तर खर्च किती वाढेल? कठड्याचे दगड बहुतेक ठिकाणी उपटलेल्या बांधातच पडलेले असतात. हे लिहून घ्यायची जागा ग्रामसभा आहे, आणि तिथे ज्या घरात पाच वर्षांचं मूल आहे त्या घरातून कुणीतरी उठून बोलायला हवं. गावनकाशाची प्रत काढून, वाट जिथे तुटली आहे तिथला गट किंवा सर्व्हे क्रमांक लिहून, अर्ज उन्हाळ्यातच द्यावा. धूळवाफेची पेरणी झाली की मोजणीदार शेतात उतरत नाही, आणि प्रकरण थेट सुगीवर जातं.